साधनाचा जबाब

साधनाचं उघडं पोट गावानं पहिल्यांदा पाहिलं ते मोबाईलवर, भोगीच्या दिवशी. लहानसाच व्हिडिओ होता. कांद्याच्या रिकाम्या बराखीच्या फळ्यांमधून कुणीतरी काढलेला, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे आणि मधल्या उजेडात एक बाई. काळा परकर कमरेच्या खाली बांधलेला, लेकीचा जुना टी-शर्ट गाठ मारून वर आखडलेला, कमरेला घुंगरांचा पट्टा. खांदे जागच्या जागी होते, डोकं स्थिर होतं आणि पोट मात्र लाटेसारखं वरून खाली जात होतं. चेहरा अर्धाच दिसत होता, पण ओळखायला तेवढा पुरे होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘आपल्या वस्तीची बेली डान्सर.’

डिंगोऱ्याच्या शिवारातली त्यांची वस्ती म्हणजे भावकीचीच आठ-दहा घरं. दुपारपर्यंत प्रत्येक घरातल्या मोबाईलवर ती नाचून झाली होती.

साधना सदतीस वर्षांची. जुन्नरच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानात कामाला होती. रोज सकाळी एसटीनं जायची, दिवसभर गादीवर बसून साड्या उलगडायची आणि घड्या घालायची. समृद्धीच्या वेळी सिझर झालं तेव्हापासून तिची कंबर धरायची. समृद्धी नववीत गेली तरी ती कळ गेली नव्हती. दुकानामागच्या बोळात, वरच्या मजल्यावर, आरोही नावाची पुण्यात शिकून आलेली मुलगी बायकांचा व्यायामाचा वर्ग घ्यायची. साधना तिथं कंबरेसाठी म्हणून गेली. एकदा वर्ग संपल्यावर चप्पल घालता घालता तिनं पाहिलं, आरोही आरशासमोर एकटीच नाचत होती. असा नाच साधनानं कधी पाहिला नव्हता.

“हे काय गं?”

“बेली डान्स, ताई. तिकडं इजिप्तकडचा. पोटाचा नाच.”

“पोटाला नाचता येतं?”

“तुमच्या पोटाला तर आधी येईल. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढलाय ना? मान हलत नाही आणि कंबर चालते. निम्मं तेच आहे.”

साधना हसली होती. पण घरी जाताना एसटीत उभी असताना तिनं खांदे न हलवता डावा खुबा उचलून पाहिला. मग उजवा. कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या दिवसापासून तिला चाळाच लागला. भाकरी थापताना खुब्यानं ठेका धरायचा, धुणं पिळताना पोट आत ओढून एकेक बोट सोडत आणायचं. सहा महिन्यांत कंबरेची कळ गेली आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. बैलांच्या साजाच्या दुकानातून तिनं घुंगरं आणली. दुकानदारानं विचारलं, “खोंडाला का?” ती “हां” म्हणाली. कापडाच्या दुकानात उरलेल्या लेसवर तिनं ती घुंगरं शिवली आणि सुट्टीच्या दिवशी रिकाम्या बराखीत जाऊन नाचायला लागली.

संपतनं, तिच्या नवऱ्यानं, तिला तिथं एकदा पकडलं. तो ट्रॅक्टरनं लोकांची शेतं नांगरून द्यायचा. अंगानं धिप्पाड, तोंडानं कमी बोलणारा, आणि रागावला की बोलणं अजिबात बंद होणारा. तो दारात उभा राहून बघत राहिला आणि म्हणाला, “पोटात मोटार बसवली का काय गं?” साधनानं लाजून टी-शर्ट खाली ओढला. तो क्रेट उपडा करून त्यावर बसला. “थांबली कशाला? कर की परत.” पुढं कधी कधी तो मुद्दाम येऊन बसायचा. सिझरच्या आडव्या वणावर बोट ठेवून म्हणायचा, “ह्यो बी नाचतोय बघ.”

व्हिडिओ पाहिल्यावर त्यानं पहिल्यांदा स्वतःचा मोबाईल ओट्याच्या कडेवर आपटला. काच फुटली तरी तो आपटत राहिला, हातात नुसते टवके उरेपर्यंत. सासू साळुबाई भोगीची भाजी ढवळत होती. तिनं पळी खाली ठेवली, साधनापाशी आली आणि तिच्या कानाखाली वाजवली. साधनाच्या कानातलं फूल तुटून चुलीत पडलं.

“पोट झाकून नाचता येत नव्हतं का तुला?” साळुबाई म्हणाली.

संध्याकाळी समृद्धी शाळेतून आली ती ओठ फाटून. एका मुलीनं वर्गात कंबर हलवून दाखवली होती. समृद्धीनं तिच्या तोंडावर जेवणाचा डबा मारला होता आणि मग तिघींनी मिळून समृद्धीला झोडपलं होतं. साधनानं हळद लावायला हात पुढं केला तर लेकीनं तो झटकला. “मला हात लावू नको.”

व्हिडिओ कुणी काढला हे सगळ्यांना ठाऊक होतं. बराखीच्या मागची खिडकी एकाच घराची, पप्पूच्या. पप्पू भावकीतला, संपतचा चुलतभाऊ लागायचा. सत्तावीस वर्षांचा, लग्न जमत नव्हतं. कधीमधी दुसऱ्याच्या पिकअपमधून मंचरला कांदा पोचवायचा, बाकी वेळ पारावर. घरात तो आणि त्याची विधवा आई प्रयागबाई. संपत त्याला शोधत गेला तेव्हा पप्पू मंचरला पळालेला होता. चार दिवसांनी परत आला, तेव्हा भावकीतल्या म्हाताऱ्यांनी दोघांना देवळापाशी बसवलं.

“मी न्हाई काढला,” पप्पू म्हणाला. “मला बी ग्रुपवरच आला. वहिनीला कुणी सांगितलं व्हतं उघडं नाचायला?”

संपतनं त्याचा गळा धरला. पाच जणांनी ओढलं तेव्हा सुटला. पप्पूच्या गळ्यावर बोटांचे वळ उठले आणि तो खोकत खोकत हसला.

साधनाचं म्हणणं होतं, पोलिसात जाऊ. आरोहीही सोबत यायला तयार होती. पण संपत ऐकेना.

“पोलिसात गेलं की तिथले बी बघणार. पुरावा म्हणून पुन्हा पुन्हा बघणार.”

“बघू द्या. ज्यानं काढलाय त्याला तरी कळंल.”

“त्याला कळंल. ते माझ्याकडं सोड.”

त्या महिन्यात साधनाचं जुन्नरला जाणं म्हणजे रोजची लढाई झाली. थांब्यावर पोरं शिट्ट्या घालत. दुकानात गिऱ्हाईक बायका साडी कमी आणि तिच्याकडं जास्त बघत. एकदा गच्च भरलेल्या एसटीत मागून एक हात तिच्या कंबरेवर आला. तिनं पुढं सरकून पाहिलं, हात सोबत सरकला. पदराखाली जाऊन तो पोटाला भिडला. साधना वळली नाही, ओरडली नाही. तिनं खाली हात नेला, त्यातलं एक बोट मुठीत धरलं आणि मागं वाकवलं. आणखी वाकवलं. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि मागचा माणूस किंचाळला. पन्नाशीचा, पांढरी टोपी घातलेला माणूस होता. एसटी थांबली. तो सगळ्यांना आपलं लोंबणारं बोट दाखवत होता, पण का मोडलं ते सांगत नव्हता.

घरी येऊन तिनं संपतला सांगितलं. संपत हसला. कितीतरी दिवसांनी हसला. तिचा हात हातात घेऊन तिची बोटं बघत राहिला, जणू ती नवीनच होती. साधनालाही हसू आलं. तो आवाज तिला पुन्हा पुन्हा आठवत होता आणि आठवला की बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून संपत घराबाहेर पडताना ट्रॅक्टरच्या पेटीतली टॉमी, चाक खोलायची लोखंडी कांब, उपरण्यात गुंडाळून सोबत घ्यायला लागला. साधनानं ते पाहिलं. तिला वाटलं, विचारावं. तिनं विचारलं नाही.

मार्चमध्ये शेजारच्या गावची यात्रा आली. बैलगाड्यांच्या शर्यती होत्या. घाटाच्या, म्हणजे गाडे पळवायच्या चढाच्या, दोन्ही बाजूंना माणूस नुसता दाटलेला, वर मंडपात माईकवर ओरडणारा माणूस, खालून एकेक गाडा सुटत होता. धूळ, गुलाल, बैलांच्या नाकातला फेस. साळुबाईनं आग्रह धरला म्हणून साधना आली होती. “तोंड लपवून किती दिस बसशील? चल.” बायका उंचवट्यावर वेगळ्या बसल्या होत्या. समृद्धी आजीजवळ होती, आईपासून हातभर लांब.

संपत खाली घाटाच्या तोंडाशी होता. त्याच्या मामांचा गाडा जुंपायचा होता.

एका गाड्याची बारी संपून दुसऱ्याची सुरू व्हायच्या मध्ये माईकवाल्याच्या हातात एक चिठ्ठी आली. रिवाजच होता तो, बक्षीस लावणाऱ्याचं नाव पुकारायचा. त्यानं विचार न करताच वाचलं.

“आणि या बारीला खास बक्षीस, डिंगोऱ्याच्या सुप्रसिद्ध बेली डान्सर साधना वहिनी यांच्याकडून... ”

पुढचं शिट्ट्यांमध्ये बुडालं. हजार माणसं हसली. चिठ्ठी देणारा पप्पू मंडपाजवळच उभा होता. तो कमरेवर दोन्ही हात ठेवून गोल फिरला, पोट पुढं काढून. त्याच्या भोवतीच्या पोरांनी गुलाल उधळला.

साधनानं संपतला वर येताना पाहिलं. तो धावत नव्हता. माणसं बाजूला करत सरळ येत होता आणि उपरणं हातानं सोडवत होता. साधना उठली आणि उतारावरून पळत सुटली. चप्पल कुठंतरी राहिली.

पप्पूनं त्याला उशिरा पाहिलं. तो म्हणाला, “दादा, गंमत केली रं...” आणि पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला. पप्पू वाकला. दुसरा तोंडावर बसला. जबड्याचं हाड तुटल्याचा आवाज साधनाला ऐकू आला, ती अजून लांब असूनही. पप्पू गुडघ्यावर आला, मग आडवा झाला. त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले. संपतनं त्या हातांवर मारलं. हात बाजूला झाले. मग उघड्या चेहऱ्यावर मारलं. भोवतालची पोरं मागं सरली होती, कुणी पुढं होईना. संपतचा चेहरा साधनानं पाहिला. त्यावर राग नव्हता. नांगरट करताना असतो तसा, समोरच्या कामात बुडालेला चेहरा होता.

“पुरे! अहो, पुरे!”

त्यानं ऐकलं नाही. साधना पप्पूवर पडली. पोटाखाली त्याचं डोकं आलं, गरम आणि ओलं. वरून उतरलेली टॉमी तिच्या पाठीत बसली. तिचा श्वासच गेला. डोळ्यांपुढं पांढरं झालं, पण ती हलली नाही. संपतनं पुन्हा हात उचलला होता. मग त्याला ती दिसली असावी. टॉमी त्याच्या हातातून निसटून दगडावर पडली.

“साधना? तू कुठनं आली?” तो म्हणाला. खरोखरच विचारत होता.

खाली कुणाला काही कळलं नव्हतं, पुढचा गाडा सुटला. बैल धडधडत शेजारून गेले आणि सगळी धूळ त्या तिघांवर येऊन बसली.

साधनाच्या तीन बरगड्या मोडल्या. पप्पूला आधी नारायणगावला नेलं, मग पुण्याला. जबड्यात पट्ट्या घातल्या. डावा डोळा काढावा लागला. संपत घाटावरच बसून राहिला होता. पोलीस आले तेव्हा उठून स्वतः गाडीत बसला.

साधना दवाखान्यातून घरी आली त्याच दिवशी प्रयागबाई आली. एकटीच. हातात खलबत्त्यातला बत्ता होता. तिनं दाराची कडी फोडली, ओसरीवरचा रांजण फोडला, तुळशीचं वृंदावन फोडलं. तोंडानं एक शब्द नाही. साळुबाई आत कोपऱ्यात समृद्धीला पोटाशी धरून उभी होती. फोडण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा प्रयागबाईनं बत्ता टाकला, खाली बसली आणि स्वतःचं कपाळ उंबऱ्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. रक्त नाकावरून ओघळलं. साधना छातीचा पट्टा धरून कशीबशी वाकली आणि उंबरा आणि कपाळ यांच्यामध्ये तिनं आपला तळहात घातला. प्रयागबाईनं त्या तळहातावरही कपाळ आपटलं.

“काकू. काकू, थांबा.”

“त्याचा डोळा दे,” प्रयागबाई म्हणाली. “तुझ्या पोटापायी गेला माझ्या लेकाचा डोळा. दे मला.”

साधनानं हात काढला नाही. प्रयागबाई दमली तेव्हा तिचं डोकं साधनाच्या हातातच राहिलं. साळुबाईनं पाणी आणलं, पण ते कुणी प्यायलं नाही.

जबाबाच्या आदल्या दिवशी संपतचे मामा वकिलाला घेऊन घरी आले. वकील सभ्य होता. त्यानं सगळं समजावून सांगितलं. जीवे मारण्याच्या प्रयत्नाचं कलम लागलंय. साक्षीदार फिरतील, यात्रेत कुणी नीट पाहिलेलं नसतं. पण साधना सर्वांत जवळ होती, तिचा जबाब महत्त्वाचा. “पप्पूनं आधी हात उचलला, ती कांब तिथंच पडलेली होती, एकच झटापट झाली. एवढंच सांगायचं. पप्पू पडल्यावर कुणी मारलं नाही.”

“आणि माझी पाठ?”

“झटापटीत लागलं.”

“अगं, त्यो तुझ्यासाठी आत गेलाय,” मामा म्हणाले. “दुसरा कुणी असता तर तुला टाकून मोकळा झाला असता. लई नशीबवान हायस.”

ते गेल्यावर साळुबाई भांडी घासत होती, ती मागं न वळता म्हणाली, “तुला काय सांगायचं ते सांग. माझ्याकडं बघू नको. मला लेक बी पायजे आन् मला झोप बी पायजे.”

दुसऱ्या दिवशी साधना आरोहीला सोबत घेऊन जुन्नरला ठाण्यात गेली. तिथल्या बाईसाहेबांपुढं बसून तिनं सांगितलं. पप्पूनं चिठ्ठी दिली, पप्पू नाचला. संपतनं टॉमी घरून आणली होती, कित्येक दिवस तो ती सोबत बाळगत होता आणि तिला ते ठाऊक होतं. पप्पूनं हात उचलला नव्हता. पप्पू आडवा पडल्यावर संपतनं त्याच्या तोंडावर मारलं. मग ती म्हणाली, “आणि आता माझी तक्रार घ्या. माझा व्हिडिओ चोरून काढला आणि गावभर वाटला. पप्पूवर.”

बाईसाहेबांनी मान वर केली. “त्याचा डोळा गेलाय, बाई.”

“माहीत आहे. मी त्याच्यावर पडले होते. तरी घ्या.”

तक्रार घेतली गेली. पप्पूच्या जुन्या मोबाईलमध्ये व्हिडिओ सापडला. तो एकच नव्हता.

संपतला ती तुरुंगात भेटायला गेली तेव्हा त्याला जबाब कळलेला होता. जाळीपलीकडं तो बारीक दिसत होता.

“मी तुझ्यासाठी केलं,” तो म्हणाला.

“मी पुरे म्हणत व्हते. तुमाला ऐकू आलं न्हाई.”

“न्हाई आलं.”

“मग माझ्यासाठी कसं?”

संपतनं जाळीला कपाळ टेकवलं. “तू त्या टोपीवाल्याचं बोट मोडलं तवा मला वाटलं, आपुन बायकोपरीस कमी पडलो.”

साधनाला हे अपेक्षित नव्हतं. ती म्हणाली, “मी बोट मोडलं तवा त्याचा हात माझ्या अंगावर व्हता. सोडल्यावर मी त्याला मारत बसले न्हाई.” आणि थोड्या वेळानं, “पर टॉमी मला दिसली व्हती. मी गप बसले, कारण मला बी बरं वाटत व्हतं. ते बी जबाबात सांगितलंय.”

“ते कशाला सांगितलंस येडे?”

“खरं व्हतं म्हणून.”

भेटीची वेळ संपली.

पावसाळ्यानंतर संपतला जामीन मिळाला. घरी आला त्या दुपारी भावकीतले लोक भेटायला आले, कुणी पेढे आणले, कुणी पाठ थोपटली. सगळे गेल्यावर तो साधनाच्या समोर उभा राहिला. “सगळ्या गावानं माझी बाजू घेतली. तू एकटीनं न्हाई घेतली.” साधना काहीतरी बोलायला गेली आणि त्यानं तिच्या तोंडावर मारलं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, हे पहिल्यांदा. तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आदळलं.

समृद्धी मध्ये आली. तिच्या हातात प्रयागबाईनं टाकून दिलेला तोच बत्ता होता, तेव्हापासून स्वयंपाकघरात पडून असलेला. “पप्पा, आईला परत हात लावला तर मी मारीन,” ती म्हणाली. तिनं तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला होता, आणि तिचा चेहरा साधनाला ओळखीचा वाटला. घाटावर पाहिला होता तोच, कामात बुडालेला. साधनाला मारापेक्षा त्या चेहऱ्याची जास्त भीती वाटली. तिनं लेकीची मनगटं धरून हळूहळू बत्ता खाली आणला.

“चल,” ती म्हणाली. “कपडे भर.”

साळुबाईनं अडवलं नाही. डब्यात भाकऱ्या बांधून दिल्या. संपत ओसरीवर आपला हात मांडीवर ठेवून बसला होता, दुसऱ्या कुणाचा हात असावा तसा त्याच्याकडं बघत.

जुन्नरला आरोहीच्या ओळखीनं बोळात एक खोली मिळाली. समृद्धीची शाळा बदलली. साधना दिवसा साड्या दाखवी आणि सकाळी आरोहीच्या वर्गात जाई. पहिले काही आठवडे बरगड्यांमुळे तिला पोटाची लाट जमेना, मध्येच कुठंतरी अडकायची. ती आरशासमोर घामाघूम होऊन तीच तीच हालचाल करत राही. एकदा चिडून तिनं आरशावर मूठ मारली. आरशाला तडा गेला, बोटं फुटली. आरोहीनं कापूस आणला आणि म्हणाली, “ताई, हे अंगातनं काढायचं असेल तर नाचून काढा. माझे आरसे संपतील.”

त्या हिवाळ्यात मंचरला बायकांचा एक कार्यक्रम होता, हॉलमध्ये, फक्त बायकांसाठी. आरोहीनं विचारलं. साधना नाही म्हणाली, मग हो म्हणाली. तिनं पोट झाकलं नाही. सिझरचा वण दिसत होता. वळल्यावर पाठीतला टॉमीचा काळा डागही दिसत होता. सुरुवातीला हॉलमध्ये कुजबूज झाली, मागून एक दोघी हसल्या. साधनाच्या मुठी वळल्या. तिनं त्या सोडल्या आणि खुबा उचलला. ढोलकासारखा ठेका होता. तिच्या पोटानं तो झेलला आणि खाली सोडला, पुन्हा झेलला. मधेच बरगडीत कळ आली तेव्हा तिनं दात आवळले, थांबली नाही. संपल्यावर टाळ्या वाजल्या, फार नाही. भिंतीला टेकून उभी असलेली समृद्धी टाळ्या वाजवत नव्हती. तिनं आईची शाल आणून तिच्या खांद्यांवर टाकली आणि म्हणाली, “घामाची हायस, वारं लागंल.” त्या दिवशी घरी जाताना ती पहिल्यांदा तिच्या शेजारच्या सीटवर बसली.

संपत एकदा बोळाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. तांदळाचं पोतं घेऊन आला होता. साधनानं त्याला वर बोलावलं नाही. खाली टपरीवर दोघांनी चहा घेतला.

“झोप लागत न्हाई,” तो म्हणाला. “डोळं मिटलं की त्यो खाली पडलेला दिसतो. दादा म्हणतो.”

“मग त्याच्याकडं जा. माझ्याकडं कशाला आला?”

“काय तोंड घेऊन जाऊ?”

“हाय तेच घेऊन जा.”

चहा संपवून तो निघून गेला. साधनाला वाटलं, पप्पूकडं काही जाणार नाही. पंधरवड्यानं साळुबाईचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती, जणू शेजारी कुणी ऐकेल.

“आज सकाळी त्यो प्रयागच्या रानात ट्रॅक्टर घेऊन गेला बघ. न विचारता. पप्पूला आता एका डोळ्यानं नांगर धरता येत न्हाई, रान पडूनच व्हतं. नांगराया लागला. प्रयाग पळत आली, ढेकळं मारली, मग दगुड मारला. कपाळात बसला. रगात डोळ्यात गेलं त्याच्या. तरी खाली उतरला न्हाई. तिनं बी दगड मारायचं सोडलं न्हाई.”

“आणि पप्पू?”

“बांधावर बसला व्हता. बघत व्हता.”

“मग?”

“मग काय. रान नांगरून झालं आन् त्यो घरी आला. पाच टाकं पडलं. आत पडलाय आता.” मग साळुबाईनं विचारलं, “तू येतीस का?”

साधना जिन्यात उभी होती. वर वर्गातल्या बायका जमत होत्या. समृद्धी वरून वाकून तिला बोलवत होती.

“न्हाई आत्या,” ती म्हणाली. “आत्ता न्हाई. टाकं ओलं होऊ देऊ नका.”

तिनं फोन बंद केला आणि वर गेली.